टिपणिसांच्या परसातली खोप

गोदा टिपणीस आणि हौसाबाई यांची पहिली भेट झाली त्या सकाळी कल्याण स्टेशनात शिरणारी मालगाडी जागच्या जागी थांबली, असं पारनाक्याजवळच्या आळीत बरीच वर्षं सांगत. हौसाबाईनं टिपणिसांच्या ओट्यासमोर पाटी उतरवून ‘निवटं घ्या, चिंबोऱ्या घ्या’ अशी हाळी दिली आणि इंजिनवाल्या साहेबाला वाटलं, समोरून दुसरी गाडी येते आहे. पिंपळावरचे कावळे उडाले ते भिवंडीला जाऊन उतरले. कचेरीत मामलेदारांची लेखणी घसरली आणि कुणा गरिबाच्या एका बिघ्याचे दहा बिघे झाले. शेजारच्या घरातली म्हैस त्या दिवशी आटली ती आटलीच.

गोदा तेव्हा अकरा वर्षांची, पनवेलहून नुकती लग्न होऊन आलेली. सासूनं तिला चिंबोऱ्या निवडायला ओट्यावर धाडलं होतं. पाटीतली सगळ्यांत मोठी चिंबोरी पहिल्या वर्षी सांगताना तळहाताएवढी होती, मग ताटाएवढी झाली आणि पुढे परातीपर्यंत गेली. तिनं गोदाच्या पदरात नांगी रुतवली. गोदा ओरडली नाही, रडली नाही. तिनं पदरासकट ती चिंबोरी ओट्याच्या दगडावर अशी आपटली की नांगी एका घरात आणि पाय दुसऱ्या घरात गेले. आणि मग पदर झटकून शांतपणे विचारलं, ‘मेलेलीचा भाव काय?’

हौसाबाईनं कपाळाला हात लावला. ‘बाय गो,’ ती आतल्या सासूला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, म्हणजे डोंबिवलीपर्यंत ऐकू गेलं, ‘ही पोर तुमच्या घरात मावायची नाय.’

मावली. त्या घरात सासूबाई मावत होत्या, तिथं गोदाचं काय. रखमाबाई अंगानं काडी. पण नियमांनी घर भरून वर उरायच्या. सुक्या कोळंबीचे सोडे किती भिजवायचे याचा नियम होता, उंबऱ्यावर पाय न देण्याचा होता आणि मासळीवालीनं तिसऱ्या पायरीच्या वर चढायचं नाही, हा तर सगळ्यांत जुना होता. हौसाबाई आगऱ्यांची, डोंबिवलीची. डोंबिवली म्हणजे त्या काळी भाताच्या खाचरांत कुणीतरी विसरून गेलेलं गाव. तिथून ती डोक्यावर पाटी घेऊन खाडीच्या कडेनं चालत यायची, तिसऱ्या पायरीवर बसायची आणि चौथ्या पायरीकडं बघतसुद्धा नसे. आवाज मात्र पार देवघरापर्यंत जायचा. त्याला नियम नव्हता.

गोदाचा नवरा परशुराम कचेरीत जमाबंदीचा कारकून होता. शेताच्या बांधावरून भांडणाऱ्या लोकांचे अर्ज वाचून वाचून त्याची नजर अशी झाली होती की जगात त्याला फक्त हद्दी दिसत. पापड कडेला करपला तर तो म्हणे, ‘पूर्वेकडचा भाग जळीत.’ माणूस मात्र चांगला. आईला भ्यायचा, बायकोलाही थोडा भ्यायचा आणि दोघींना ते ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं.

त्या घरात फक्त मूल टिकत नव्हतं.

गोदाची तीन बाळंतपणं पनवेलला माहेरी झाली. रीत खरं तर पहिल्यापुरतीच. पण पहिलं गेलं म्हणून हट्टानं दुसरं माहेरी केलं, दुसरं गेलं म्हणून तिसरं. खोली तीच, माजघरामागची, बिनखिडकीची. सुईण तीच. नाळ कापायचा विळासुद्धा तोच, पणजीच्या वेळचा. तो फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवत आणि त्याला हळदकुंकू वाहत. तिन्ही मुलं चांगली रडत जन्माला आली. तिन्ही दूध प्यायली. आणि आठवडाभरात तिघांनीही एकेक करून तोंड मिटलं, दूध ओढायचं सोडलं, अंग ताठ केलं आणि गेली. सटवीनं नेली, असं सगळे म्हणाले. सटवी जन्मलेल्या पोराच्या कपाळावर लिहायला येते. टिपणिसांच्या पोरांच्या बाबतीत लिहायचा कंटाळा करून ती पोरंच उचलून नेते, असं ठरलं.

चौथ्यांदा दिवस राहिले तेव्हा गोदानं तोंडातून ब्र काढला नाही. पोट सांगू लागलं तेव्हा ती सासूसमोर करंदी, ती बारीक कोळंबी, निवडायला बसली आणि म्हणाली, ‘सासूबाई, मी पनवेलला जाणार नाही.’

‘मग कुठं, काशीला?’

‘इथंच.’

‘इथं कसं? खोली अडायची. सोयर देवघराच्या भिंतीला टेकायचं. तुझ्या आईला काय वाटेल?’

‘इथंच,’ गोदा म्हणाली. ‘नाहीतर तुमच्या विहिरीत.’

हे ती आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. हातातली करंदी निवडायची थांबली नाही. रखमाबाईंनी सुनेकडं पाहिलं. या सासूनं तीन वेळा माळ्यावरून पाळणा काढून, धुऊन, तेलपाणी करून टांगला होता आणि तीन वेळा कुणाला न सांगता उतरवून ठेवला होता. त्या एवढंच म्हणाल्या, ‘डोकी नीट काढ. करंदीची.’

रात्रभर त्या जाग्या होत्या. सकाळी त्यांनी निकाल दिला. पोर विकायचं.

ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथली ही जुनी तोड. मूल जन्मलं की सुपात घालून दुसऱ्या बाईला विकायचं, मूठभर कोंड्याच्या मोलानं. मग सटवी दाराशी येऊन विचारते, टिपणिसांचं पोर कुठं आहे? घरचे म्हणतात, टिपणिसांचं पोर नाहीच, हे दुसरीचं. सटवी परत जाते. पोर धडधाकट वाढलं की तेवढ्याच कोंड्याला परत विकत घ्यायचं. कल्याणातले निम्मे कोंडाजी आणि धोंडू याच बाजारातून आलेले होते.

विकत घेणारी मात्र अशी हवी, जिचं एकही मूल गेलं नाही. रखमाबाईंनी सगळं कल्याण मनातल्या मनात घरोघर तपासलं. वकिलांच्या बायकोचं एक गोवरानं गेलं होतं. सावकारांच्या सुनेची पाच होती, पण दोन कुणी मोजत नसे. शेवटी बोट येऊन थांबलं ते तिसऱ्या पायरीवर. हौसाबाईला सात मुलं. सातही जिवंत, आणि सातही कायम भुकेली.

‘पोर होईस्तोवर थांबायचं नाही,’ रखमाबाई म्हणाल्या. ‘आत्ताच विकायचं. म्हणजे सटवीला यादीतच सापडणार नाही.’

त्याच सकाळी व्यवहार झाला. रखमाबाईंनी सूप पुढं केलं, हौसाबाईनं त्यात कोंड्याची मूठ टाकली. गोदा दाराआड उभी राहून बघत होती. आपल्या पोटातलं मूल आता मासळीवालीचं झालं, याचं तिला काहीच वाटलं नाही. तिला मूल आपलं असण्याची हौस उरली नव्हती. नुसतं असण्याची होती.

हौसाबाई पाटी उचलायला वाकली आणि पुन्हा सरळ झाली. ‘पोर माजा जाला नं?’

‘तुझाच,’ रखमाबाई म्हणाल्या.

‘मंग माजा पोर दुसऱ्याच्या घरात कशाला जनमंल?’

रखमाबाईंनी सूप खाली ठेवलं.

‘सटवी काय येडी हाय? टिपनिसांच्या घरात पोर रडला तं ती कोंडा बगंल का घर बगंल? कवर फसवाल तिला? पोर माज्या घरात जनमला पायजे.’

खिडकीत परशुराम कचेरीला निघण्यासाठी पागोटं बांधत होता. त्याचे हात थांबले. ज्याची जमीन त्याचं पीक, हे तो रोज दहा लोकांना समजावून सांगत असे. हौसाबाईचं म्हणणं त्याला एकदम कायदेशीर वाटलं.

‘कायस्थ प्रभूंच्या घरची सून आगऱ्याच्या झोपडीत बाळंत होणार?’ रखमाबाई म्हणाल्या. ‘डोंबिवलीला? त्यापेक्षा ती विहीर...’ आणि त्यांनी जीभ चावली.

पुढचे दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. हौसाबाई यायची, मासळी देऊन जायची, आणि जाताना गोदाच्या पोटाकडं मालकिणीच्या नजरेनं बघून ‘जप गो माजी वस्तू’ म्हणायची. गोदा खायची, झोपायची, उठायची. तिनं पोरासाठी एक टाका घातला नाही. तीन वेळा जुनी लुगडी फाडून मऊ दुपटी शिवली होती. ती ट्रंकेच्या तळाशी कधीच न मोडलेल्या घड्यांनी पडून होती. पोटात पोर हललं की ती हातातलं काम टाकून उभी राहायची आणि हलायचं थांबलं की पुन्हा हलेपर्यंत तशीच उभी असायची. एका संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, ‘ऐकलंत का? मी उद्या डोंबिवलीला चालत जाते. सासूबाईंना सांगा, मी मेले.’

परशुराम तेव्हा जेवत होता. तो ताटावरून उठला, कचेरीतून आणलेली मोजणीची दोरी घेतली आणि परसात गेला. विहीर आणि अळूचा वाफा यांच्यामध्ये तो बराच वेळ दोरी घेऊन ओणवा होता. मग आत येऊन म्हणाला, ‘आई, बाळंतीण हौसाबाईच्या घरी न्यायची नाही. हौसाबाईचं घर इथं आणायचं.’

रखमाबाईंना वाटलं, पोरगा हातचा गेला. पण तो शुद्धीवर होता. अळूच्या वाफ्यापलीकडचा तुकडा हौसाबाईला द्यायचा. तिच्या झोपडीची मागची भिंत, छपराचा पेंढा, दार, चुलीचे दगड, सगळं उचलून इथं उभं करायचं. घर तिचं, जमीन तिची. फक्त ते टिपणिसांच्या परसात.

हौसाबाईनं ऐकलं आणि ती इतकी हसली की पाटीतले निवटे मासे पुन्हा उड्या मारू लागले. मग गंभीर होऊन म्हणाली, ‘चूल माजी पायजे. आनि शेन माज्या गायचा.’

तिचा नवरा काळुराम वीस वर्षं त्या आवाजाखाली राहिला होता. त्याला आता फक्त खुणा समजत. त्यानं खुणेसरशी स्वतःच्या घराची मागची बाजू उतरवली आणि बैलगाडीत घातली. कारवीच्या काड्यांचा कूड, म्हणजे ती मागची भिंत, आला, पेंढा आला, उंबऱ्याखालची माती टोपलीतून आली. डोंबिवलीच्या गायीचं शेण मडक्यातून आलं, कारण कल्याणच्या गायीचं शेण हा दुसऱ्याचा मुलूख. परशुराम दोरी धरून हद्द दाखवत उभा. कुंपणावरून शेजारी डोकावले.

‘काय परशुरामपंत, परसात मिठागर काढताय काय?’

‘कोंबड्या पाळायच्या आहेत,’ परशुराम म्हणाला. खरं सांगायची सोय नव्हती. सटवीचे कान कुठं असतील सांगता येत नाही.

‘कोंबड्यांना दार?’

‘चांगल्या जातीच्या आहेत.’

खोप उभी राहिली तेव्हा हौसाबाई आत जाऊन बसली, वर बघितलं, कूड हलवून पाहिला आणि म्हणाली, ‘माज्या घरापरीस बरा जाला. पन माज्याकडं उंदीर हायत.’ परशुराम विचारात पडला. उंदरांची अट मोठ्या मिनतवारीनं माफ झाली. बाकी नियम मात्र कडक. टिपणिसांच्या घरातली एकही वस्तू खोपीत न्यायची नाही. कांबळं नवं, दिवा नवा, नाळ कापायचा विळासुद्धा लोहाराकडून नवाकोरा करून आणलेला. नियम करण्यात आपल्याला कुणी मागं टाकेल असं रखमाबाईंना आयुष्यात वाटलं नव्हतं.

गोदा रोज उन्हं कलली की खोपीत जाऊन बसू लागली. कारवीच्या फटींतून उजेडाच्या काड्या आत यायच्या आणि तिच्या पायांवर पडायच्या. पनवेलच्या खोलीत दिवस आहे का रात्र हे कळत नसे. इथं विहिरीचा रहाट ऐकू यायचा, अळूचा वास यायचा, आणि दार तिला बसल्या जागेवरून दिसायचं. कुणीही आलं, सटवी आली तरी, ती आधी दिसली असती. एका संध्याकाळी ती घरात गेली, एक जुनं लुगडं काढलं आणि फाडायला घेतलं. फाडल्याचा आवाज ऐकून रखमाबाई स्वयंपाकघरात पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

आता एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. रखमाबाईंच्या नाही, हौसाबाईच्या नाही आणि तालुक्याच्या शिमग्याच्या बंदोबस्ताचा कागद दर वर्षी स्वतःच्या हातानं लिहिणाऱ्या परशुरामच्या तर मुळीच नाही. फाल्गुन लागला होता. कल्याणातली पोरं होळीसाठी लाकूड चोरत होती. गाड्यांची जोखडं जात होती, कुंपणं जात होती, एका म्हाताऱ्याची काठी त्याच्या हातातून गेली होती. अशा दिवसांत ह्या शहाण्यांनी परसात वाळलेल्या कारवीचं आणि पेंढ्याचं अख्खं घर बांधून, त्याला राखण न ठेवता, आत निवांत झोपा काढल्या.

पौर्णिमेच्या सकाळी गोदा परसात गेली तर विहिरीपलीकडं सारवलेला चौकोन होता आणि त्यात चुलीचे तीन दगड. दगड जळत नाहीत म्हणून ठेवले होते.

ती ओरडली नाही. खाली बसली. आणि बसता बसता तिच्या कमरेतून पहिली कळ गेली.

परशुराम अनवाणी धावला. नाक्यावर होळी रचली होती, माणूसभर उंच. आणि मधोमध त्याची कारवी, त्याचा पेंढा, वरती काळुरामचं दार. कल्याणात, आणि कल्याणातच कशाला, सगळ्या मुलखात, होळीवर चढलेलं लाकूड परत मागायची रीत नाही. मागणाऱ्याच्या नावानं बोंब ठोकतात. परशुरामनं मागितलं नाही. तो होळीवर चढला आणि दाराला मिठी मारून बसला.

पोरं जमली, मग म्हातारे जमले.

‘परशुरामपंत, उतरा. सणाचा दिवस आहे.’

‘हे दार द्या. एवढा कूड द्या.’

‘होळीचं परत जात नाही, पंत. तुम्ही कारकून, तुम्हाला रीत सांगायची का?’

‘मग मलाही लावा होळीला.’

‘असं आहे तरी काय त्या कुडात?’

परशुरामनं दार आणखी घट्ट धरलं. सांगता येत नव्हतं. आजच तर मुळीच नाही. चव्हाट्यावर एक शब्द बोलला तर ज्या एकीला कळू नये तिला कळणार.

‘कोंबड्या,’ तो म्हणाला.

‘कुठायत कोंबड्या?’

‘यायच्या आहेत.’ आणि मामलेदार कचेरीचा जमाबंदी कारकून, वय चौतीस, होळीवर बसून हुंदके देऊन रडू लागला. पोरांना आधी हसू आलं, मग येईनासं झालं. पण रीत ती रीत. चौघांनी त्याला खांद्याला धरून अलगद खाली उतरवलं, पागोटं झटकून डोक्यावर ठेवलं आणि घराच्या दिशेनं तोंड करून दिलं. मुठीत आलेला पेंढा त्यानं सोडला नाही.

इकडं परसात उन्हं चढली होती. मालन सुईण नवा विळा घेऊन येऊन बसली होती. हौसाबाई नेहमीसारखी मासळी घेऊन आली, आणि चौकोन बघून तिनं पाटी तिथंच उतरवली. गोदा सारवलेल्या जागेत चुलीच्या दगडाला धरून बसली होती.

‘आत चल, पोरी,’ मालन म्हणाली. ‘असं उघड्यावर...’

‘मी इथनं उठणार नाही.’

‘अगं, शेजारपाजार बघतोय.’

‘बघू दे. हे हौसाबाईचं घर आहे. छप्पर नाही एवढंच.’ कळ आली. ती ओसरेपर्यंत गोदानं दगड सोडला नाही. मग म्हणाली, ‘त्या घरात नेलंत तर मी पोर सोडणार नाही. पोटातच ठेवीन.’

मालननं रखमाबाईंकडं पाहिलं. रखमाबाई घरात गेल्या. परत आल्या तेव्हा हातात सूप होतं.

‘हौसे, मूठभर कोंडा आहे तुझ्याकडं?’

‘कोंबड्यांना घेतलाय बाजारातनं. हाय ओच्यात. कशाला?’

‘घर घे.’

‘कंचा घर?’

‘हे.’ रखमाबाईंनी मानेनं मागं दाखवलं. ‘ओटी, माजघर, स्वयंपाकघर. देवघर सोडून.’ गोदाला पुन्हा कळ आली. ती गेली तशी रखमाबाईंचा आवाज आणखी बारीक झाला. ‘देवघरासकट.’

हौसाबाईनं ओचा सोडला. कोंड्याची मूठ सुपात पडली. रखमाबाई सूप घेऊन घराला वळसा घालून पुढच्या बाजूला गेल्या आणि पायऱ्यांवर बसल्या. तिसऱ्या पायरीवर.

हौसाबाई मागच्या दाराशी गेली. पाय ओले होते, मासळीचे होते. वीस वर्षं जिचा आवाज या घरात तिच्याआधी शिरत होता, ती उंबऱ्याशी थांबली आणि तिला आवाज फुटेना. मग तिनं पाय आत टाकला, वळली आणि अगदी हळू, कुणी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, ‘ये गो बाय. आपल्या घरात ये.’

गोदा उठली.

परशुराम आला आणि पायऱ्या चढू लागला, तशी रखमाबाईंनी त्याचं धोतर धरलं. ‘कुठं निघालास? लोकांच्या घरात बाळंतीण आहे.’ तो पेंढ्याची मूठ घेऊन आईशेजारी बसला. ऊन सरकलं. आतून गोदाचा आवाज यायचा, थांबायचा. थांबला की परशुराम उठून उभा राहायचा. आला की खाली बसायचा. मध्येच भांड्यांचा आवाज आला.

‘माझ्या पितळी हंड्याला हात लावला तिनं,’ रखमाबाई म्हणाल्या.

‘तिचाच आहे, आई.’

‘ठाऊक आहे मला.’ थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, ‘परशा, पोर नाही जगलं तरी चालेल, पण ती विहीर...’ वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि परशुरामनं करायला लावलं नाही.

दिवेलागणीला नाक्यावर होळी पेटली. सगळ्या कल्याणानं तोंडावर हात मारून बोंब ठोकली. त्या गदारोळात पायऱ्यांवरच्या दोघांना पहिलं रडणं ऐकू आलंच नाही. दार उघडून हौसाबाई बाहेर आली आणि तिनं स्वतःच्या खऱ्या आवाजात, होळी, बोंब, ढोल सगळं खाली घालून, आळीला सांगितलं, ‘माला पोरगी जाली!’

आळीनं ऐकलं ते असं की टिपणिसांच्या घरात डोंबिवलीची मासळीवाली बाळंत झाली. ते निस्तरायला परशुरामला पुढं वर्ष लागलं.

हौसाबाई राहिली. घर तिचं, पोर तिचं, जाणार कशी? आपली सात तिनं काळुरामच्या खुणांवर सोपवली. रखमाबाई रोज सकाळी दाराशी उभ्या राहून विचारायच्या, ‘देवाला फूल घालू का?’ आणि हौसाबाई म्हणायची, ‘घाल, पन लवकर निघ.’

गोदानं डोळ्याला डोळा लावला नाही. पोरगी दूध पिताना श्वास घ्यायला थांबली की ती तिच्या गालांना बोटं लावून तोंड उघडायची. पोर चिडून रडायचं, आणि ते उघडलेलं तोंड बघून गोदा हुश्श करायची. पाचवी पुजली, तेव्हाही ती पोरीला खाली ठेवेना. मग ते दिवस आले, ज्या दिवसांत आधीची तिघं गेली होती. गोदानं पोरीच्या तोंडात करंगळी घातली आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत तशीच बसून राहिली. जेवली नाही, बोलली नाही. मालन म्हणाली, ‘अगं, बोट काढ, तिला दूध दे.’ गोदा म्हणाली, ‘ओढतेय.’ पोरगी बोट ओढत होती, रागानं, दूध येत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशीही ओढलं. तिसऱ्या दिवशी गोदाची करंगळी सुजली होती आणि ती झोपली. बसल्या जागी, भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून. हौसाबाईनं पोर उचललं आणि आयुष्यात दुसऱ्यांदा हळू बोलली, पोराशी.

बारा दिवस झाल्यावर रखमाबाईंनी घर परत मागितलं. ‘दोन मुठी,’ हौसाबाई म्हणाली. ‘वापरलाय, पन नीट राकलाय.’ घासाघीस झाली, दीड मुठीवर सौदा पटला. पोरगी मात्र आणखी काही वर्षं हौसाबाईचीच राहिली; नाव धोंडी ठेवलं. हौसाबाई पुन्हा तिसऱ्या पायरीवर बसू लागली. कधी पावसात रखमाबाई म्हणायच्या, ‘वर ये, भिजतेस.’ ती यायची नाही. ‘माजा नाय तो घर,’ म्हणायची.

धोंडी दहाव्या वर्षी लग्न होऊन पेणला गेली. पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायला गोदानं बैलगाडी पाठवली. ती रिकामी परत आली. टिपणिसांच्या घराला मुलं लाभत नाहीत, असं धोंडीच्या सासूनं गाडीवानाजवळ सांगून पाठवलं होतं. धोंडीला पाच मुलं झाली, सगळी पेणला, नाळ त्या घरच्या पणजीच्या वेळच्या विळ्यानं कापून. त्यांतली तीन जगली.